बर्केट फॉस्टर : लाकडी ठशांवरून जलरंगांकडे गेलेला हात

पाणरेष (मूळ लेख)

माइल्स बर्केट फॉस्टर याचे नाव आज इंग्लंडमध्ये निघालेच तर किंचित नाक मुरडूनच निघते. गवताने शाकारलेले घर, कुंपणाच्या फाटकावर चढलेली गोबऱ्या गालांची मुले, पाठीमागे मेंढ्या आणि संध्याकाळचे पिवळसर आकाश अशी त्याची जलरंगचित्रे भेटकार्डांवर, दिनदर्शिकांवर आणि चॉकलेटच्या खोक्यांवर इतकी छापली गेली आहेत की, 'चॉकलेटच्या खोक्यावरचे चित्र' हा इंग्रजी समीक्षेतला तुच्छतेचा शेरा त्याच्यासाठीच घडवला असावा असे वाटते. त्याची कारकीर्द सांगताना तिचे सरळ दोन तुकडे करण्याची पद्धत आहे. १८५८ पर्यंत तो पुस्तकांसाठी लाकडाच्या ठोकळ्यांवर चित्रे काढत होता आणि त्यानंतर तो जलरंगातला निसर्गचित्रकार झाला, असे सांगितले जाते. मला हे दोन तुकडे मान्य नाहीत. फॉस्टरने रंग हाती घेतले तेव्हाही त्याचा हात लाकडावरचाच राहिला, आणि त्याच्या चित्रांतले जे उत्तम आहे ते व जे खटकते तेही याच हातातून आलेले आहे, असे माझे मत आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

त्याचा जन्म ४ फेब्रुवारी १८२५ रोजी टाइन नदीच्या मुखाशी असलेल्या नॉर्थ शील्ड्स या गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका कुटुंबात झाला. १८३० मध्ये कुटुंब लंडनला आले आणि तिथे वडिलांनी बिअर बाटल्यांत भरून विकण्याचा व्यवसाय उभा केला, जो पुढे बराच मोठा झाला. मुलाचे शिक्षण हर्टफर्डशायरमधील हिचिन येथील क्वेकर शाळेत झाले आणि चित्रकलेचे पहिले धडे त्याला तिथेच मिळाले. त्याला ठप्पे कोरणाऱ्या एका कारागिराकडे ठेवण्याचा वडिलांचा बेत होता, परंतु तो कारागीर मरण पावल्यामुळे सोळाव्या वर्षी, म्हणजे १८४१ मध्ये, मुलगा एबेनेझर लँडेल्स या लाकूडखोदकाम करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. लँडेल्स हाही टाइनकाठचाच, आणि ज्या टॉमस ब्युइकने लाकडी खोदकामाला इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली त्याच्या परंपरेतला होता. मुलाचा कल खोदण्यापेक्षा रेखाटण्याकडे आहे हे त्याच्या लवकरच लक्षात आले आणि त्याने फॉस्टरला हत्यार बाजूला ठेवायला लावून पेन्सिल दिली. त्याच वर्षी 'पंच' हे साप्ताहिक निघाले, त्याच्या संस्थापकांत लँडेल्स होता. पुढच्या वर्षी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' सुरू झाले. 'पंच'साठी परिच्छेदांच्या आरंभीची सजवलेली अक्षरे आणि 'न्यूज'साठी प्रसंगचित्रे काढत काढत फॉस्टरची उमेदवारी संपली.

१८४६ मध्ये तो स्वतंत्रपणे काम करू लागला. हेन्री व्हिझेटेली या मुद्रक-प्रकाशकाने त्याच्यातली निसर्गदृश्यांची नजर ओळखली आणि १८५० मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 'इव्हँजेलिन' या दीर्घकाव्याची सचित्र आवृत्ती निघाली. तिच्यातील ४५ खोदचित्रे जेन बेनहॅम, जॉन गिल्बर्ट आणि फॉस्टर या तिघांची होती, तथापि बोलबाला झाला तो फॉस्टरच्या निसर्गचित्रांचा. गंमत अशी की काव्याची भूमी उत्तर अमेरिकेतली अकॅडिया असूनही फॉस्टरने ती भूमी पाहिलेली नव्हती. त्याच कवीच्या 'हायपीरियन' या गद्यकथेच्या वेळी मात्र व्हिझेटेली त्याला १८५२ मध्ये घेऊन निघाला आणि कथानायक ज्या वाटेने फिरतो त्याच वाटेने ऱ्हाइनच्या काठाकाठाने दोघे हिंडले. पुढच्या वर्षी निघालेल्या त्या पुस्तकात जवळपास शंभर चित्रे आहेत. त्यानंतरची पाच-सहा वर्षे हा माणूस थांबलेलाच दिसत नाही. गोल्डस्मिथ, ग्रे, कूपर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ, स्कॉट अशा ज्या ज्या इंग्रजी कवीची सोनेरी कडांची, कोरीव पुठ्ठ्याची नाताळभेटीची आवृत्ती निघे, तिच्यात फॉस्टरची चित्रे असणे जवळजवळ ठरून गेले होते.

या चित्रांचा आकार लक्षात घ्यावा. अनेक चित्रे तळहाताच्या निम्म्याहून लहान आहेत. त्यांना चौकट नाही. मध्यभागी एखादी पाणवाट, पूल, गुरे प्यायला उतरलेली, आणि कडेला जाता जाता रेषा विरळ होत कागदातच विरून जातात. एवढ्याशा जागेत दूरची टेकडी दूर वाटावी आणि जवळचे झुडूप हाताला लागावे, हे केवळ काळ्या रेषेच्या जाडीवर आणि रेषांमधील अंतरावर साधायचे असते. सुमारे सतरा वर्षे हा सराव ज्याने केला, त्याने १८५८ च्या सुमारास ठरवले की आता नवी कामे घ्यायची नाहीत आणि फक्त जलरंगच करायचे. १८५९ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याचे चित्र लागले, १८६० मध्ये तो जुन्या जलरंग संस्थेचा (ओल्ड वॉटरकलर सोसायटीचा) सहयोगी आणि १८६२ मध्ये पूर्ण सभासद झाला. पुढील आयुष्यात त्या एका संस्थेच्या प्रदर्शनांतच त्याने सुमारे ४०० चित्रे मांडली.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजी जलरंगाची आधीची परंपरा, म्हणजे गर्टिन आणि टर्नर यांची, पाण्याच्या जोरावर चालणारी आहे. भिजल्या कागदावर पारदर्शक थर सोडायचा आणि उजेड कागदाच्या पांढऱ्यातून मिळवायचा. फॉस्टरच्या चित्रात पाणी जवळजवळ नाहीच. तो रंगात अपारदर्शक पांढरा मिसळतो, बारीक टोकाचा कोरडा ब्रश घेतो आणि ठिपक्याशेजारी ठिपका, रेघेशेजारी रेघ ठेवत जातो. ज्याला आपण रंगाचा सपाट पट्टा समजतो तो जवळून पाहिल्यावर जाळीदार निघतो. ही जाळी लाकडावरची आहे.

जुना जुळारी

लेख आवडला. छापखान्यात माझी छत्तीस वर्षे गेली. लाकडी खोदचित्रांचे युग मी अर्थातच पाहिलेले नाही, आमच्या वेळी जस्ताचे ब्लॉक येत. पण लाकडावर काढणे म्हणजे नेमके काय, हे इथे स्पष्ट झाल्याशिवाय पाणरेष यांचा मुद्दा पूर्ण पटणार नाही, म्हणून लिहितो.

हे काम बॉक्सवुड या अतिशय घट्ट लाकडावर होत असे, आणि तेही खोडाच्या आडव्या छेदावर. फळीच्या बाजूने कोरले तर लाकडाचे धागे उचलले जातात आणि बारीक रेघ टिकत नाही, तर आडव्या छेदावर हत्यार कोणत्याही दिशेला सारखेच चालते. अडचण अशी की हे झाड बारीक असते, त्यामुळे ठोकळाही लहानच मिळतो. साप्ताहिकाच्या पानभर चित्रासाठी अनेक ठोकळे मागून बोल्टने जखडून एक करीत, चित्र पूर्ण झाले की ते पुन्हा सुटे करून चार-सहा कारागिरांत वाटत आणि रात्रीतून खोदून घेत. जोडाच्या ठिकाणी रेघा जुळल्या नाहीत तर छापील चित्रात पांढरी फट दिसे.

ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीइतकीच ठेवलेली असते. त्यामुळे तो मजकुराच्या खिळ्यांबरोबर छपाईच्या एकाच चौकटीत (फर्म्यात) आवळता येतो आणि चित्र व मजकूर एकाच दाबात छापले जातात. तांब्यावरची किंवा पोलादावरची चित्रे वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात चिकटवावी लागत. कवितेच्या दोन कडव्यांमध्ये चित्र बसवण्याची सोय लाकडानेच दिली, आणि फॉस्टरची ती चौकटीविना विरणारी चित्रे या सोयीचीच अपत्ये आहेत.

चित्रकाराच्या दृष्टीने मात्र हा व्यवहार कठोर होता. ठोकळ्याला पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, त्यावर पेन्सिलीने आणि ब्रशने चित्र काढायचे, तेही उजवे-डावे उलटे धरून, आणि मग ते खोदणाऱ्याच्या हवाली करायचे. तो कारागीर जिथे रेघ नाही तिथले लाकूड काढून टाकतो, म्हणजेच चित्रकाराचे मूळ चित्र खोदता खोदता नाहीसे होते. शेवटी हाती राहतो तो दुसऱ्याने लावलेला अर्थ.

चौकस

मला एक गोष्ट उमगली नाही. पुस्तकांचे काम भरभरून येत असताना आणि नाव झालेले असताना, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते सोडून देण्याचे कारण काय असावे? जलरंग ही तेव्हाही तैलचित्रांच्या खालची पायरी मानली जात होती ना?

पाणरेष

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वरील प्रतिसादात आलेच आहे. ज्याचे मूळ चित्र दर वेळी खोदकामात नष्ट होते, त्याच्याकडे वीस वर्षांनंतरही 'हे माझे' म्हणून भिंतीवर टांगायला काही उरत नाही. फॉस्टरच्या बाबतीत हे दुःख थोडे वेगळ्या रीतीने मांडावे लागेल, कारण तो स्वतः खोदण्याची उमेदवारी केलेला होता आणि आपल्या रेघेचे पुढे काय होणार हे त्याला नेमके ठाऊक असे. खोदणाऱ्याला सुकर जाईल असे चित्र तो काढू शके, आणि प्रकाशक त्याच्यावर खूश असण्यामागे हेही एक कारण होते. परंतु जो इतका सोयीचा असतो त्याच्याकडे कामही त्याच प्रकारचे येत राहते.

जलरंगाच्या दर्जाबद्दल थोडे सांगते. जुनी जलरंग संस्था १८०४ मध्ये स्थापन झाली ती नेमकी या खालच्या पायरीला कंटाळूनच. अकॅडमीच्या दालनांत मोठ्या तैलचित्रांच्या शेजारी जलरंग मरून जात. संस्थेची सभासदसंख्या मर्यादित होती आणि प्रदर्शनात फक्त सभासद आणि सहयोगीच चित्रे मांडू शकत. म्हणून एकदा आत शिरलेल्या चित्रकाराला दरवर्षी हक्काची भिंत आणि हक्काचे गिऱ्हाईक मिळे. गिऱ्हाईक कोण, तर कारखानदार, व्यापारी, वकील. यांच्या बैठकीच्या खोलीत दहा फुटी ऐतिहासिक चित्र मावत नव्हते, हातभर चित्र मावत होते. पुस्तकांतून फॉस्टरला ओळखणारा वाचक आणि हे गिऱ्हाईक बहुतांशी एकच होते, त्यामुळे त्याला नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही.

किंमतीचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. नॉटिंगहॅमच्या चार्ल्स सीली यांनी त्याच्याकडून व्हेनिसची ५० जलरंगचित्रे ५००० पौंडांना करवून घेतली. म्हणजे सरासरी चित्रामागे शंभर पौंड. त्या काळी शेतमजुराची वर्षभराची मजुरी याच्या निम्मीही भरत नसे, हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण यापुढची चर्चा तिकडे वळणार हे मला दिसते आहे.

लाकडावरचे काम एका दिवसात सुटले असे मात्र नाही. डॅलझिएल बंधूंनी खोदलेले आणि टॉम टेलरच्या कवितांसह निघालेले त्याच्या ३० इंग्रजी निसर्गदृश्यांचे पुस्तक १८६३ चे आहे, आणि माझ्या मते लाकडी खोदचित्रातले त्याचे सर्वोत्तम काम तेच. तोपर्यंत तो तीन-चार वर्षे रंगात रमला होता. त्या चित्रांत पानभर जागा मिळाल्यामुळे पावसाळी आकाश, ओला रस्ता आणि झाडांतून गळणारा उजेड यांना जी खोली आली आहे ती आधीच्या नाताळी पुस्तकांत नाही. शिकवण दोन्ही दिशांनी वाहत होती.

वेशीबाहेर

चर्चा वळवण्याचे काम मी करतो. कारागिरीबद्दल वाद नाही. पण कारागिरीने काय दाखवले आणि काय झाकले, हेही विचारावे लागेल. इंग्लंड-वेल्समध्ये शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येहून अधिक झाल्याचे पहिल्यांदा नोंदले गेले ते १८५१ च्या जनगणनेत. म्हणजे फॉस्टर जे खेडे रंगवतो ते त्याच्या गिऱ्हाइकाने नुकतेच मागे टाकलेले खेडे आहे. या काळात दक्षिण इंग्लंडचा शेतमजूर देशातला सर्वांत कमी मजुरीचा माणूस होता. ज्या गवती घरांवर आपण भाळतो ती बहुतेक गळकी, ओल धरलेली आणि दोन खोल्यांत दहा माणसे कोंबलेली असत. १८७२ मध्ये जोसेफ आर्चने शेतमजुरांची संघटना उभी केली ती काही हौसेने नव्हे. फॉस्टरच्या चित्रात मात्र काम करणारा प्रौढ पुरुष क्वचितच दिसतो. मुले फुले वेचतात, मुली कोकराला पाजतात, म्हातारी उंबऱ्यात बसते. शेत कोण नांगरतो?

आणि ज्या जाळीदार कामाचे कौतुक होते आहे, त्याचाही या झाकण्यात वाटा आहे असे मला वाटते. चिखल आणि गुलाब दोन्ही सारख्याच प्रेमाने ठिपके देऊन रंगवले, की चिखलही गोड दिसू लागतो.

पाणरेष

शेवटचे वाक्य मला मान्य करावे लागते, आणि मूळ लेखात 'जे खटकते' असे म्हटले होते ते हेच. प्रत्येक इंच सारख्याच निगुतीने भरण्याची सवय लाकडाने लावली. ठोकळ्यावर रिकामी जागा म्हणजे खोदणाऱ्याचा वेळ, आणि तिथेही काहीतरी ठरवून ठेवावे लागते. कागदावर ही सक्ती नव्हती, तरी हात तसाच चालत राहिला. टर्नर चित्राचा एक कोपरा सोडून देतो आणि आपली नजर तिथे विसावते. फॉस्टर कोपरा सोडत नाही.

तरीही एक भेद करावासा वाटतो. लाकडी चित्रांत प्रौढ माणसे कामात दिसतात : कोळी, गाडीवान, कापणी करणारे. रंगीत चित्रांतून ती ओसरत गेली. म्हणजे हा दोष केवळ नजरेचा नाही, भिंतीचा आणि गिऱ्हाइकाचाही आहे. पुस्तकात कवितेला चित्राने साथ द्यायची असे, आणि गोल्डस्मिथच्या कवितेत तर खेडे उजाड झाल्याचेच दुःख आहे. भिंतीवर टांगायच्या चित्राला अशी कोणतीच कविता आड येत नव्हती.

आगगाडीकाठी

मी सरे परगण्यात राहते आणि फॉस्टरचे विटली गाव माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे, म्हणून थोडी स्थळमाहिती देते. लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारा थेट लोहमार्ग १८५९ मध्ये सुरू झाला आणि विटलीला स्थानक आले. त्यानंतर चारच वर्षांत, १८६३ मध्ये, फॉस्टरने तिथल्या टेकडीवर मोठे घर बांधून घेतले. वेशीबाहेर यांच्या मुद्द्याला मी आणखी एक जोड देईन : ज्या निवांत खेड्याची चित्रे लंडनमध्ये विकली जात होती, तिथून लंडनला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत होते. चित्रात आगगाडी मात्र कुठेही नाही.

ते घर आतून कसे होते हे वाचले की चकित व्हायला होते. सजावटीचे काम विल्यम मॉरिसच्या तेव्हा नव्या असलेल्या सजावट कंपनीकडे दिले होते. रंगीत काच, रंगवलेल्या फरशा आणि जेवणाच्या खोलीसाठी एडवर्ड बर्न-जोन्सने रंगवलेली सेंट जॉर्ज आणि राक्षसी सर्प यांच्या कथेची सात मोठी चित्रे. गवती झोपड्या रंगवणारा माणूस रोज जेवत होता तो असा मध्ययुगीन दंतकथेच्या पंगतीत! यावरून त्याची अभिरुची त्याच्या चित्रांपेक्षा बरीच धाडसी होती असे म्हणता येते, आणि हे कोडे मला आजही सुटलेले नाही. १८९३ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्याने घर सोडले आणि तो वेब्रिजला राहायला गेला. पुढच्या वर्षी संग्रह लिलावात निघाला. बर्न-जोन्सची ती मालिका फुटली, तिच्यातले एक चित्र आता सिडनीत आहे तर एक पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. २७ मार्च १८९९ रोजी फॉस्टर वारला आणि त्याला विटलीच्याच चर्चच्या आवारात पुरले.

शेजारी कोण होते तेही पाहा. लँडेल्सकडे त्याच्याबरोबर उमेदवारी केलेला एडमंड इव्हान्स विटलीतच घर बांधून राहिला. १८७६ च्या अखेरीस कादंबरीकार जॉर्ज इलियटने याच गावात घर घेतले. आणि १८८१ पासून जवळच्या सँडहिल्समध्ये जलरंगचित्रकार हेलन ॲलिंगहॅम राहू लागली.

जुना जुळारी

एडमंड इव्हान्सचे नाव आले हे फार बरे झाले, कारण माझ्या धंद्याच्या दृष्टीने या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा माणूस तोच. रंगीत छपाई लाकडी ठशांवरून करायची म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि प्रत्येक ठोकळा मागच्यावर केसभरही न सरकता बसला पाहिजे. गोल्डस्मिथच्या कवितांची फॉस्टरची रंगीत चित्रे १८५० च्या दशकाच्या अखेरीस इव्हान्सने अशी छापली. पद्धत अशी की आधी काळ्या रेघांचा ठसा खोदून त्याची छाप काढायची, ती छाप चित्रकाराने हाताने रंगवून द्यायची आणि तिच्याबरहुकूम रंगांचे ठसे खोदायचे. एका रंगाच्या बारीक रेघांवर दुसऱ्या रंगाच्या रेघा पडल्या की डोळ्याला तिसरा रंग दिसतो, त्यामुळे थोड्या ठशांत पुष्कळ छटा मिळतात.

आता पाणरेष यांनी वर्णन केलेले जलरंगातले जाळीकाम या पद्धतीशेजारी ठेवून पाहा. मला तर असे वाटते की फॉस्टर कागदावर जे करत होता ते इव्हान्सच्या रंगीत छपाईचेच हातकाम होते. पुढे हाच इव्हान्स वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॅल्डिकॉट आणि केट ग्रीनअवे यांची मुलांची पुस्तके छापू लागला. ग्रीनअवेच्या १८७९ मधील पहिल्या पुस्तकाच्या त्याने एकदम २०,००० प्रती काढल्या तेव्हा त्याला वेड्यात काढले गेले, आणि त्या हातोहात खपल्या.

पाणरेष

हे मला सुचले नव्हते. 'छपाईचे हातकाम' हा शब्दप्रयोग मी उसना घेते.

वेशीबाहेर

हेलन ॲलिंगहॅमचा उल्लेख झाला आहे तर थोडे थांबू या, कारण माझ्या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर तिच्या चित्रांत आहे आणि ते मीच देणे बरे. तीही पुस्तकचित्रांतून आलेली. 'ग्राफिक' साप्ताहिकासाठी तिने रेखाटने केली, टॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' १८७४ मध्ये मासिकातून क्रमशः येत होती तेव्हा त्या कादंबरीची चित्रे हेलनचीच. त्याच वर्षी कवी विल्यम ॲलिंगहॅमशी लग्न झाल्यावर ती मुख्यतः जलरंगाकडे वळली आणि १८९० मध्ये जलरंग संस्थेची पूर्ण सभासद होणारी पहिली स्त्री ठरली. तोपर्यंत ती संस्था 'रॉयल' झाली होती. फॉस्टरचा प्रभाव तिच्यावर उघड आहे. पण तिने सरे आणि परिसरातली जुनी घरे रंगवली ती बव्हंशी पाडली जाण्याच्या किंवा 'सुधारली' जाण्याच्या बेतात असताना. धुराड्याचे बांधकाम, छपराची उतरण, लाकडी चौकटीत भरलेल्या विटा हे सारे तिने इतके चोख नोंदले आहे की जुन्या घरांचे अभ्यासक तिची चित्रे आजही पुराव्यासारखी पाहतात. तीच गोडी, तीच फुले, तरी चित्रातले घर एका ठरावीक ठिकाणचे आहे. फॉस्टरचे घर पुष्कळदा अनेक घरांचे मिळून बनलेले असते.

अर्थात तिचे पती १८८९ मध्ये वारल्यावर ती तीन मुलांना चित्रांच्या विक्रीवर वाढवत होती. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय हवे हे तिलाही पाहावे लागत होते. या बाबतीत तिला सूट आणि फॉस्टरला नाही, असे मला म्हणता येणार नाही.

चौकस

आपल्याकडे पुस्तकांसाठी जलरंग करणारे म्हणजे धुरंधर आठवतात. त्यांच्या कामाची फॉस्टरशी तुलना करता येईल का?

पाणरेष

वरवर करता येईल, आतून करता येणार नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर सर ज. जी. कलाशाळेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवूही लागले. अकॅडमीच्या धर्तीचा जलरंग त्यांच्यापर्यंत तिथूनच पोहोचला. पण किंकेड यांच्या दख्खनी कथांच्या १९१४ मधील इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली तेव्हा मध्ये खोदणारा उरलेला नव्हता. छायाचित्रणाच्या मदतीने चित्राचा ब्लॉक तयार होत होता, म्हणून धुरंधरांना मोकळेपणाने ओला थर सोडता आला आणि मूळ चित्रही शाबूत राहिले. फॉस्टरला हे तंत्र तरुणपणी मिळाले असते तर तो वेगळा चित्रकार झाला असता असे मला वाटते. त्याहून चांगला झाला असता का, हे मात्र सांगवत नाही.

आगगाडीकाठी

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. इथल्या लहान लिलावांत 'बी' आणि 'एफ' ही अक्षरे एकात गुंफलेली सही असलेली चित्रे नेहमी दिसतात. एका ओळखीच्या मराठी कुटुंबाने असेच एक चित्र हौसेने घेतले आणि ते खोटे निघाले. हे कसे ओळखावे?

पाणरेष

फॉस्टरची नक्कल प्रचंड प्रमाणात झाली. बाजारात इतकी किंमत असलेल्या आणि विषय इतके ठरीव असलेल्या चित्रकाराचे असे होणारच. ती जोडाक्षरी सही करणे तर सर्वांत सोपे, म्हणून सहीवर विसंबू नये. छापील रंगीत प्रतीवर वरून थोडा रंग चढवून खरे म्हणून विकलेले नमुनेही असतात. साध्या भिंगातून पाहिले की त्यांत छपाईचे एकसारखे कण दिसतात आणि कागदाच्या पृष्ठभागावर रंगाचा उठाव नसतो.

हाताने केलेली नक्कल ओळखण्यासाठी मी आधी मुलांचे चेहरे पाहत नाही, कारण नक्कल करणारा सगळी मेहनत तिथेच घेतो. भिंग नेऊन ठेवावे ते खालच्या कोपऱ्यातल्या गवतावर. नकलेत तिथे हिरव्या रंगाचा एक सपाट हात दिलेला असतो आणि वर दहा-बारा पाती ओढलेली असतात. फॉस्टरच्या गवतात पाते ओढलेलेच नसते. पात्याच्या भोवतीचा अंधार रंगवून पाते मागे उरवलेले असते, खोदणारा रेघेभोवतीचे लाकूड काढून रेघ उरवतो तसेच.

जुना जुळारी

आणि त्या गवताचा उजेड कोणत्या बाजूने येतो तेही पाहावे. अर्धे आयुष्य उलटे चित्र काढण्यात गेलेल्या माणसाच्या रेघांचा कल कोणत्या बाजूला असतो, हे माझ्याकडच्या दोन-तीन जुन्या छापांवर मी आज रात्री मोजून पाहणार आहे. काही निघाले तर इथेच लिहितो.